दारू सुटली, आता मन सांभाळायचे



उपचार घेऊन भाऊ पाड्यावर परतला की आपण आभार मानतो आणि काम झाले असे समजतो. कठीण काळ मात्र तेव्हाच सुरू होतो. हातांची थरथर काही दिवसांत थांबते. पण चिडचिड, उदासी, तुटलेली झोप कित्येक महिने राहू शकते. पूर्वी हे सारे दारूत बुडत असे, आता ते उघडे पडते.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांत चार गोष्टींना जपायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तलफ आली की यांपैकी काय झाले आहे ते आधी पाहावे. भूक असेल तर भाकरी खावी, राग असेल तर तिथून उठावे, एकटे वाटले तर कुणाकडे जाऊन बसावे, थकवा असेल तर पडावे. तलफ लाटेसारखी येते आणि ओसरते.

कामाचाही विचार हवा. वीटभट्टीवरचा शिणवटा आणि बाजाराच्या दिवशी हाती पडणारी रोख मजुरी, दोन्ही गुत्त्याकडे ओढतात. मोहाची दारू गाळून ज्याचे घर चाले, त्याची अडचण तर दुहेरी. त्याने मोहफुले वाळवून विकावीत. पण भट्टीजवळ परत जाऊ नये. सुरुवातीला कर्ज काढून मोठा धंदा नको. नेमाचे काम बरे, मजुरी घरच्यांच्या हाती द्यावी.

आपण उपदेश कमी करावा, बाजाराच्या दिवशी त्याच्यासोबत चालावे. पाय पुन्हा घसरला, तरी दार लावू नये.