उच्चाराची वही



मुलाने वहीत 'पाणि' असे लिहिले, तर आपण लाल शाईने खूण करतो. मुलगा ती पाहतो, खाली शुद्ध शब्द लिहितो आणि महिन्याभराने वही चाळली की आपली सुधारणा त्याची त्यालाच दिसते. बोलण्याचे तसे नाही. शब्द तोंडातून निघाला की हवेत विरला. 'तू चुकीचं म्हणालास' असे गुरुजींनी कितीही सांगितले, तरी मुलाला ते पटत नाही. कारण आपण नक्की काय म्हणालो, हे त्याला ठाऊकच नसते. लिहिण्याला वही आहे, बोलण्याला नाही, ही इंग्रजी उच्चार शिकवण्यातली खरी अडचण आहे. मुलाचे बोलणे मुद्रित करून त्यालाच ऐकवले, तर मात्र तीही वही तयार होते.

आता तुम्ही म्हणाल, मुलाला कान आहेत. बोलताना तो स्वतःला ऐकतोच की! ऐकतो, पण अर्धवट. बोलताना आपले सारे लक्ष 'काय बोलायचे' याकडे असते. शिवाय आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो : एक हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. मुद्रणात फक्त हवेची वाट उरते. म्हणून तर पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की 'हा मी नव्हेच' असे जो तो म्हणतो.

आणखी एक कारण आहे. त्रुबेत्स्कॉय नावाच्या रशियन भाषापंडिताने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक सुंदर उपमा दिली. प्रत्येकाच्या कानाला आपापल्या मातृभाषेची चाळण असते, आणि परक्या भाषेचे ध्वनी त्या चाळणीतून गाळूनच आत येतात. आपली मराठी चाळण पाहा. 'फूल', 'तीन', 'मूल' असे शब्द आपण दीर्घच उच्चारतो. अकारान्त शब्दातले उपान्त्य अक्षर लांबवणे हे आपल्या जिभेचे वळण आहे. तेच वळण इंग्रजीत गेले की 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी हे दोन्ही एकच होतात. 'बादली भरली आहे' असे सांगायला जावे, आणि ऐकणाऱ्याने 'बादली मूर्ख आहे' असे समजावे! कारण इंग्रजीत ऱ्हस्व 'फुल' म्हणजे भरलेला आणि दीर्घ 'फूल' म्हणजे मूर्ख. तीच गत 'व'ची. मराठीत 'व' एक, इंग्रजीत दोन. अंगात घालायचा 'व्हेस्ट' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. पश्चिम दिशेचा 'वेस्ट' म्हणताना ओठांचा 'ऊ'सारखा चंबू होतो. आपल्या चाळणीची भोके या दोघांना सारखीच.

आघाताची गोष्ट याहून महत्त्वाची. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलू शकतो. 'रेकॉर्ड' या शब्दाच्या पहिल्या भागावर जोर दिला तर ते नाम होते, दुसऱ्या भागावर दिला तर क्रियापद. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या भागावर. पण फोटो काढणारा 'फटॉग्रफर' म्हटला की तो दुसऱ्या भागावर सरकतो.

हे नुसते व्याकरणाचे बारकावे नव्हेत. हैदराबादला १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था निघाली. तेथील प्राध्यापक बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी बोलणे ध्वनिमुद्रित केले, परदेशी श्रोत्यांना ऐकवले आणि त्यांना ते कितपत कळते हे मोजले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इंग्रज श्रोत्यांना सरासरी सुमारे ७० टक्केच समजले असे दिसले. चुकीच्या जागी पडणारा आघात हे त्याचे एक मोठे कारण होते. बोलणे मुद्रित नसते, तर ते नेमके कुठे अडले हे सांगता आले असते का?

एडिसनने फोनोग्राफ केला १८७७ साली. पुढे परभाषा शिकवणाऱ्या तबकड्या निघाल्या. त्यांतून शिकणाऱ्याला इंग्रजाचा आवाज शंभरदा ऐकता येई, स्वतःचा मात्र एकदाही नाही. टेपरेकॉर्डर आला आणि भाषेच्या प्रयोगशाळांत एकाच फितीवर दोन पट्ट्या आल्या : एक शिक्षकाची, दुसरी विद्यार्थ्याची. तेव्हा ते यंत्र शहरातल्या मोठ्या संस्थांनाच परवडे. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो.

मग वर्गात काय करायचं? पहिली गोष्ट, आधी कान तयार करा. तुम्ही 'शिप' किंवा 'शीप' म्हणा. ऱ्हस्वाला मुलांनी डावा हात वर करावा, दीर्घाला उजवा. ज्याला फरक ऐकूच येत नाही, त्याला तो बोलता कसा येईल? दुसरी गोष्ट, एका वेळी एकच जोडी घ्या. पाच-सहा ओळींचा उतारा निवडा. शांत जागा पाहून मोबाइल तोंडापासून वीतभर दूर, जरा बाजूला धरा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट त्यात शिरणार नाही. तिसरी गोष्ट, चांगल्या उच्चाराचा नमुना आणि मुलाचा आवाज पाठोपाठ ऐकवा. नमुना बोलत्या शब्दकोशातला चालेल. मग चूक तुम्ही सांगू नका. 'काय वेगळं वाटलं?' एवढेच विचारा. चूक मुलाने स्वतः पकडली की निम्मे काम झाले. चौथी गोष्ट, तारीख घालून ते मुद्रण जपून ठेवा. महिन्याने तोच उतारा पुन्हा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकवा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. 'स्टेशन'ला 'ठेसन' म्हणणाऱ्या घरातून आलेल्या मुलाचा आवाज सगळ्या वर्गापुढे लावून हशा पिकवू नका. तो आवाज मोबाइलवरून इकडेतिकडे पाठवू तर मुळीच नका. एकदा हसे झालेले पोर वर्षभर तोंड उघडत नाही. आणि न बोलणाऱ्याचा उच्चार कोण सुधारणार? मुलाचे मुद्रण त्याला एकट्यालाच, पाठीवर हात ठेवून ऐकवा. आधी त्यातले बरोबर काय ते सांगा. वर्गापुढे लावायचाच, तर पहिला आवाज शिक्षकाने स्वतःचा लावावा. गुरुजीही शिकताहेत, बाईही शिकताहेत, हे दिसले की मुलांची भीड चेपते.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी ऐकू येते ते बहुधा शिक्षकाच्या तोंडूनच. तेव्हा शिक्षकाचा जो उच्चार, तोच साऱ्या वर्गाचा.

कोणी म्हणेल, आम्हाला काय साहेब व्हायचंय? नाही व्हायचं. विदर्भातल्या माणसाची मराठी निराळी, कोकणातल्याची निराळी. तरी दोघांचे एकमेकांवाचून अडत नाही. तसेच आपल्या इंग्रजीत आपल्या मातीचा सूर राहिला तर काही बिघडत नाही. आपले म्हणणे समोरच्याला पहिल्या खेपेस कळावे, एवढेच मागणे आहे. मुलाखतीला गेलेल्या मुलीला 'काय म्हणालीस?' असे तीनदा विचारले, की येत असलेले उत्तरही तिच्या घशात अडकते. ते अडकू नये, म्हणून हा खटाटोप.

तेव्हा येत्या आठवड्यात एक करून पाहा. पाच मुले, एक उतारा आणि एक मोबाइल. वहीचे पहिले पान लिहिले गेले, की पुढची पाने मुलेच मागतील.