एका चिमटीतले शंभर अब्ज अब्ज

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. इथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं मोठेपण तिला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनमध्ये आहे. बाजारातल्या साध्या हळदीत ते बहुधा तीन टक्क्यांच्या आसपास असतं, वायगावच्या हळदीत सहाच्या पुढे.

आठ-नऊ महिन्यांनी पीक निघतं. मग हळद शिजवायची, वाळवायची. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर हळकुंडं होतात. म्हणजे एक किलो कर्क्युमिन हवं तर सोळा-सतरा किलो हळकुंडं, अर्थात ऐंशी किलोंहून जास्त ओली हळद. हा झाला कागदावरचा हिशेब. कारखान्यात गळती होतेच.

आता वरणात पडणारी सढळ चिमूट घ्या, एक ग्रॅम वायगाव हळदीची. तिच्यात ६० मिलिग्रॅम कर्क्युमिन धरलं, तर रेणू होतात सुमारे १ वर वीस शून्यं, म्हणजे शंभर अब्ज अब्ज. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख ५ हजार होती. हे सगळे नागपूरकर न झोपता, प्रत्येकी सेकंदाला एक रेणू मोजत बसले, तर मोजणी संपायला तेरा लाख वर्षं लागतील! यातला प्रत्येक रेणू आपला हायड्रोजन देऊन एखाद्या चवताळलेल्या मुक्त मूलकाला शांत करू शकतो. प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात ते याच गुणामुळे.

पण हे रेणू पाण्याला दाद देत नाहीत. सौम्य आम्लधर्मी पाण्यात, एका प्रसिद्ध मापनानुसार, मिलिलिटरला जेमतेम ११ नॅनोग्रॅम विरघळतात. त्या हिशेबानं एका चिमटीतलं कर्क्युमिन पुरतं विरघळवायला साडेपाच हजार लिटर पाणी लागेल, गच्चीवरच्या हजार लिटरच्या साडेपाच टाक्या. म्हणून ते वेगळं काढायला इथेनॉल, ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट वापरतात. हळदपूड द्रावकात भिजवायची, द्रावक उडवायचं, उरलेल्या गडद राळेतून केशरी-पिवळे स्फटिक पाडायचे. हे काम १८१५ साली फ्रान्समध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी पहिल्यांदा केलं, पण त्यांच्या हाती आलेला पदार्थ शुद्ध नव्हता. रेणूची रचना कळायला १९१० उजाडलं.

पाण्याशी असलेलं हे वैर पोटातही सुटत नाही. तैवानमधल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं. रक्तद्रवातली सरासरी सर्वोच्च पातळी लिटरला १.७७ मायक्रोमोल भरली. साऱ्या रक्तद्रवात मिळून ते दोनेक मिलिग्रॅम होतं, खाल्लेल्याचा चार हजारावा भाग. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मिरीतलं पायपरिन सोबत दिलं, तेव्हा शोषण वीसपट वाढलेलं दिसलं. परीक्षानळीत मुक्त मूलकं विझवणं वेगळं आणि शरीरात विझवणं वेगळं, हे कर्क्युमिनच्या कॅप्सूलच्या डबीवरचे दावे वाचताना ध्यानात ठेवायलाच हवं.

खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं ठरवलेली मर्यादा आहे, दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम झाले, म्हणजे वायगाव हळदीच्या तीन ग्रॅममधले. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एकाच कॅप्सूलमध्ये ४७५ असतात.