संत्र्याचे झाड आणि त्याचे चार वैरी

सातपुड्याच्या दक्षिणेस, नागपूरच्या सीमेला लागून, पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके आहेत. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन या दोहोंचा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेशाचे, घरातली बोली मराठी आणि शिवारातले वैभव संत्र्याचे. पाच-सहा वर्षे जोपासल्यावर हे झाड फळावर येते. म्हणूनच भर बहरातले झाड पिवळे पडून वाळू लागले, की बागाईतदाराच्या पोटात गोळा उठतो. ‘झाडाला रोग लागला’ असे म्हणून तो औषधाच्या दुकानाकडे धाव घेतो. पण रोग हा शब्द एकच असला, तरी त्यामागचे वैरी एका जातीचे नसतात. वैरी कोण हे कळल्यावाचून औषध कोणते हे ठरत नाही. जीवसृष्टीचे वर्गीकरण ही केवळ परीक्षेपुरती पाठ करावयाची गोष्ट नव्हे, ती अशी.

प्रारंभ झाडापासूनच करू. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाची पातळ चकती पाहिली, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांनाच आज आपण पेशी म्हणतो. संत्र्याची फोड सोलली, की रसाने भरलेल्या चिमुकल्या पिशव्या दिसतात. त्या मात्र पेशी नव्हेत. अशी प्रत्येक पिशवी अनेक पेशी मिळून झालेली असते. झाडाच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते, आत जीवद्रव्य असते आणि पेशीचा कारभार पाहणारे केंद्रक असते. पानांतील पेशींत यांखेरीज हरितद्रव्याचे कणही असतात.

संत्र्याचे कलम करताना जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. सालीखालील वाढत्या पेशी एकमेकींना मिळतात आणि दोन जिवांचा एक वृक्ष होतो. तथापि मुळे जंबेरीचीच राहतात आणि फळे संत्र्याचीच येतात. आंब्याचा डोळा या खुंटावर का धरत नाही? कारण जंबेरी आणि संत्रे ही जवळची भावंडे आहेत. दोहोंची प्रजाती एकच, सिट्रस. हे नाव लिनियस याने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविले. या प्रजातीचे कुल रुटेसी. त्यात बेल, कवठ आणि कढीपत्ताही येतात. यांचे पान उजेडासमोर धरावे. सुगंधी तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. कुळाची ती ओळख होय.

आता वैऱ्यांकडे वळू. पहिला वैरी डोळ्यांना दिसतो. तो म्हणजे काळी माशी. हा बहुपेशीय प्राणी असून कीटकवर्गात मोडतो. तिची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूस बसून रस शोषतात आणि चिकट गोड द्रव टाकतात. त्या गोडीवर काळी बुरशी वाढते. हीच कोळशी. बुरशी पानात शिरत नाही, नुसती वर पसरते. म्हणून केवळ बुरशीनाशक फवारून भागत नाही. माशी आटोक्यात आली पाहिजे.

दुसरा वैरी डिंक्या रोगाचा, फायटोप्थोरा. बुंध्यातून डिंक गळतो, साल कुजते, मुळे सडतात. याला पुष्कळ काळ बुरशी समजत. परंतु खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तर याच्या भित्तिकेत सेल्युलोज. याचे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळाशी आहे. त्यामुळे बुरशीवर चालणारे कार्बेन्डाझिम याच्यावर चालत नाही, मेटालॅक्झिल चालते. याचे बीजाणू पाण्यात पोहतात. यास्तव पाणी बुंध्याला न लागेल असे दुहेरी आळे करावे, कलमाचा सांधा जमिनीपासून उंच ठेवावा आणि एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांची बोर्डो मलम खोडास लावावी.

तिसरा वैरी ग्रीनिंगचा जीवाणू. त्याचा देह एका पेशीचा आणि त्या पेशीत केंद्रक नाही. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. सायला नावाची कीड त्याला झाडोझाड पोचविते. पाने अशी पिवळी पडतात, की जस्ताची उणीव वाटावी. याला आधी विषाणू समजत; १९७० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने खरे रूप दाखविले.

चौथा वैरी ट्रिस्टेझा. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ खिन्नता असा आहे. हा विषाणू. त्याला पेशीच नाही. न्यूक्लिइक आम्लाचा धागा आणि त्याभोवती प्रथिनाचे कवच, एवढाच त्याचा संसार. जिवंत पेशीबाहेर तो वाढू शकत नाही. त्याला सजीव म्हणावे की निर्जीव, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. माव्याची कीड त्याला पसरविते.

शेवटच्या दोन वैऱ्यांनी एकदा झाडात ठाणे मांडले, की झाड पुरते बरे करणारी फवारणी नाही. दोघेही रोगट झाडावरून घेतलेल्या डोळ्याबरोबर नव्या बागेत येतात. म्हणून येथे उपाय लागवडीपूर्वीच करावयाचा असतो. शेंड्याच्या अगदी टोकाच्या पेशी इतक्या वेगाने वाढतात, की तेथवर विषाणू बहुधा पोचलेला नसतो. ते सूक्ष्म टोक कापून कोवळ्या रोपावर बसविले, तर निरोगी मातृवृक्ष मिळतो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत अशी कलमे तयार करण्याचे काम झाले आहे.

सारांश, झाड पिवळे दिसताच बाटली उघडण्याची घाई करू नये. पान उलटून पाहावे, बुंधा निरखावा, मुळांजवळची माती उकरून बघावी आणि शंका राहिल्यास फांदी जाणकाराकडे न्यावी. कीटक, फायटोप्थोरा, जीवाणू की विषाणू, एवढा निर्णय झाला, की पुढची वाट दिसते. कलमे विकत घेताना मात्र स्वस्ताईपेक्षा त्यांचा डोळा कोणत्या झाडाचा, हे आधी विचारावे.