१० बाय १२ च्या खोलीला कोणत्या मापाची फरशी? दुकानात जाण्याआधी खोलीला टेप लावा

कळंबा तलावाच्या आसपास आणि गारगोटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांची कामं थांबायचं नाव घेत नाहीत. कुणाचा रो-बंगला, कुणाचा टू बीएचके, कुणाच्या जुन्या कौलारू घराच्या जागी स्लॅबचं घर. प्लास्टर वाळलं की पुढचा वाद ठरलेला असतो: फरशी कुठली घ्यायची? रंगावर घरातल्यांचं एकवेळ एकमत होतं. मापाचा विचार मात्र दुकानात उभ्या केलेल्या चकचकीत २ बाय ४ कडे बघून केला जातो. तीन लाइटांच्या उजेडात ती फरशी झकासच दिसते. घरी आणून बसवल्यावर भिंतीच्या कडेला दीड इंचाची चिंधी दिसायला लागते, आणि ती पुढची वीस वर्षं तशीच दिसत राहते.

पूर्वी ही भानगड नव्हती. शहाबादी फरशी असायची, नंतर १० बाय १० इंचांची मोझॅक आली. माप लहान असल्यामुळे कडेला कापलेला तुकडा आला तरी डोळ्यांत भरत नसे. आता गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्समध्ये २ बाय २, २ बाय ४, ३२ बाय ३२ इंच, त्याहून मोठीही मापं मिळतात. फरशी मोठी असेल तर तिचा कापलेला तुकडाही तेवढाच ठळक दिसतो.

आधी एक गैरसमज. २ बाय २ ची फरशी पूर्ण २ फुटांची नसते. ती ६०० मिलिमीटर असते, म्हणजे साधारण २३.६ इंच. २ बाय ४ म्हणजे ६०० बाय १२००, आणि ३२ इंची म्हणजे ८०० बाय ८००. त्यामुळे २ बाय २ च्या चार फरश्यांची पेटी १६ चौरस फूट नव्हे, तर १५.५ चौरस फूट भरते. एका खोलीत हा फरक जाणवत नाही, पण अख्ख्या घराचा हिशेब १६ ने केला तर शेवटी दोन-तीन पेट्या कमी पडतात. मग नवी आणायला गेल्यावर तीच शेड मिळेल याची खात्री नसते.

खोलीचंही तसंच आहे. नकाशात १० बाय १२ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंतचं माप असतं. दोन्ही भिंतींचं प्लास्टर प्रत्येकी १२ मिलिमीटर धरलं तर १० फुटांची, म्हणजे ३०४८ मिलिमीटरची बाजू ३०२४ उरते. १२ फुटांची ३६३४. हिशेब करायचा तो या आकड्यांवर.

दोन फरश्यांमध्ये २ मिलिमीटरची फट सोडली तर ६०० ची फरशी ६०२ जागा घेते. १० फुटी बाजूला पाच फरश्या ३०१० मिलिमीटर व्यापतात, उरतात १४. १२ फुटी बाजूला सहा फरश्यांचे ३६१२ होतात, उरतात २२. मिस्त्रीने एका भिंतीला चिकटवून काम सुरू केलं तर ही उरलेली जागा समोरच्या भिंतीला पट्टी होऊन दिसते. तेच खोलीच्या मध्यातून सुरू केलं तर उरलेलं दोन्हीकडे वाटलं जातं, एका बाजूला ७, दुसऱ्या बाजूला ११ मिलिमीटर. ते सगळं स्कर्टिंगखाली झाकलं जातं. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत २ बाय २ च्या बरोबर ३० फरश्या, एकही न कापता. २ बाय ४ च्या १५ फरश्याही याच हिशेबाने बसतात, फक्त १२ फुटी बाजूला दोन्हीकडे १४-१४ उरतात आणि स्कर्टिंग ते जेमतेम झाकतं. स्कर्टिंग प्लास्टरच्या वर लावलेलं असेल तरच हे जमतं. हल्ली काही जण स्कर्टिंग भिंतीत मुरवून सपाट करतात, तिथे ही पळवाट बंद होते.

याच खोलीत ८०० ची फरशी घातली तर? १० फुटी बाजूला तीन पूर्ण आणि ६१८ चा तुकडा, १२ फुटी बाजूला चार पूर्ण आणि ४२६ चा तुकडा. अशा २० फरश्या लागतात. ११८ चौरस फुटांच्या खोलीला १३८ चौरस फूट माल, म्हणजे केवढी नासाडी, असं लगेच वाटेल. पण थांबायला हवं. ४ इंचांच्या स्कर्टिंगला फरशी लागतेच. २ बाय २ मध्ये कापलेले तुकडे उरतच नसल्यामुळे त्यासाठी आणखी पाचेक फरश्या फोडाव्या लागतात. एकूण ३५, म्हणजे नऊ पेट्या, १३९.५ चौरस फूट. ८०० मध्ये कापून उरलेल्या पट्ट्यांतूनच स्कर्टिंग जवळजवळ पूर्ण निघतं. तीन फरश्यांची पेटी धरली तर सात पेट्या, साधारण १४५ चौरस फूट. फरक पाच-सहा चौरस फुटांचा. ‘मोठी फरशी म्हणजे जास्त वेस्टेज’ हे सरसकट खरं नाही, फक्त स्कर्टिंगसकट हिशेब करायला हवा.

आता खोली ११ फुटी घेऊ. प्लास्टरनंतर ३३२९ मिलिमीटर. ८०० च्या चार फरश्या ३२०८ घेतात, उरतात १२१, पाच इंचांनाही कमी. फरश्या वाचवायला मिस्त्री ही पट्टी एका कडेला घालणार. ती टाळायची तर तीन पूर्ण आणि दोन्हीकडे साधारण ४६० चे तुकडे असं करावं लागतं. पण ८०० तून ४६० चे दोन तुकडे निघत नाहीत, त्यामुळे इथे नासाडी खरोखर वाढते. ६०० ची फरशी मात्र इथे चोख बसते. पाच पूर्ण आणि एक अर्धी, आणि एका फरशीचे दोन अर्धे भाग दोन ओळींना पुरतात. एका फुटाने खोलीची योग्य फरशी बदलते ती अशी.

कागद-पेन्सिल घेऊन बसण्याआधी खोली गुण्यात आहे का तेही बघावं लागतं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खुणा करायच्या. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर काटकोन आहे. नसेल तर कडेची पट्टी एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक होत जाते. मोठ्या फरशीच्या लांबलचक सरळ रेषेशेजारी ते जास्तच खटकतं. बाजूही एकाच ठिकाणी न मोजता दोन्ही टोकांना आणि मध्यात मोजायच्या.

मोठी फरशी खोली मोठी दाखवते, हे दुकानदार खोटं सांगत नाही. जॉइंट कमी असले की नजर अडत नाही, ग्राउट फरशीच्या रंगाचा असेल तर आणखी फरक पडतो. पण तिला खालचा थर तेवढाच सपाट लागतो. २ बाय ४ ची लांब बाजू भट्टीतून निघताना मध्ये किंचित फुगीर असू शकते. विटांच्या रचनेसारखा जॉइंट बरोबर मध्यावर घेतला तर शेजारच्या फरशीची कड तिथे वर-खाली होते आणि पायाला लागते. म्हणून जॉइंट सरळ रेषेत तरी घ्यावा, नाहीतर एक तृतीयांशावर.

चिकटण्याचाही प्रश्न आहे. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटचं दूध तिच्यात मुरत नाही. जुन्या पद्धतीने मालावर टाकून ठोकलेली मोठी फरशी काही महिन्यांत पोकळ वाजू शकते. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह हवा. तळमजल्यावर जोत्यातली भर नीट पाणी मारून कुटलेली नसेल तर ती नंतर खचते, आणि मोठी फरशी मधोमध तडकते. नवं तळमजल्याचं घर असेल तर फरशीच्या मापाइतकीच ही चौकशी गरजेची आहे. ‘आम्ही बिनजॉइंटची बसवतो’ असं कुणी अभिमानाने सांगत असेल तर तेही टाळलेलं बरं. उन्हाळ्यात फरशीला प्रसरण पावायला जागा लागते. ती नसली तर दोन फरश्या एकमेकींना रेटून तंबूसारख्या उचलल्या जातात.

बाथरूममध्ये मात्र मोठ्या फरशीचा मोह सरळ सोडून द्यावा. तिथली जमीन सपाट नसते. जाळीकडे मीटरला १० ते १५ मिलिमीटर उतार लागतो, आणि तो बहुतेकदा दोन-तीन दिशांनी येतो. ६०० ची कडक फरशी दोन दिशांना वाकत नाही. मग एक तर ती तिरपी कापावी लागते, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचतं. १ बाय १ ची, म्हणजे ३०० ची फरशी उताराबरोबर वळवता येते, शिवाय जॉइंट जास्त असल्याने पायाला पकड मिळते. घरात आजी-आजोबा असतील तर पृष्ठभाग मॅटच हवा. कॅटलॉगमध्ये आर-९ ते आर-१३ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी फरशी कमी घसरते. ओल्या जागेला आर-१० किंवा आर-११ बघावी. कोल्हापूरच्या पावसात ओल्या चपलांनी थेट घरात येणं होतंच, म्हणून पुढच्या दारातही चकचकीत फरशीपेक्षा मॅट बरी.

स्वयंपाकघरात २ बाय २ मॅट पुरते, कारण अर्धी जमीन ओट्याखाली जाते. पार्किंगला १६ बाय १६ इंचांची जाड फरशी असते, तिथे वेगळा विचार करायची गरज नाही.

हॉल आणि पॅसेज सलग असतील तर जॉइंटची रेषा कुठून धरायची हे काम सुरू होण्याआधी ठरवावं. मुख्य दार उघडल्यावर समोर दिसणारी भिंत ही पहिली जागा, तिथे पूर्ण फरशी यावी. कापलेली ओळ सोफ्यामागे किंवा कपाटाखाली जाऊ द्यावी. मिस्त्रीला हे तोंडी सांगण्यापेक्षा चार ओळी फरश्या कोरड्याच मांडून बघायला सांगावं. अर्धा तास जातो, पण तेवढ्यात उरलेली पट्टी किती इंचांची येणार ते डोळ्यांना दिसतं, आणि सुरुवात इकडे-तिकडे सरकवता येते.

माल उतरवून घेताना सगळ्या पेट्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे बघून घ्यावं. काम संपल्यावर एक पेटी माळ्यावर ठेवावी आणि तिच्यावरचा छापील कागद फाडू नये. पाच वर्षांनी नळाचं काम निघून दोन फरश्या फोडाव्या लागल्या, तर त्या मापाची आणि त्या शेडची फरशी बाजारात असेलच असं नाही.