खोक्यातली बाइक, टेक्सासचं गॅरेज आणि नाना पेठेतले काका

दादाने ग्रुपवर फोटो टाकला, तेव्हा आत्याने पहिला प्रश्न विचारला, "फ्रिज घेतलास का रे?" प्रश्न रास्तच होता. फोटोत माणसाच्या छातीइतकं उंच पुठ्ठ्याचं खोकं होतं, बाहेरून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. दादाने उत्तर दिलं, "बाइक आहे." त्यानंतर ग्रुपवर अर्धा तास शांतता.

हा दादा म्हणजे माझा आतेभाऊ. टेक्सासमध्ये डॅलसजवळ रिचर्डसनला एमएस करतोय. तिथे गाडीशिवाय पानही हलत नाही. किराणा चार मैलांवर, बस तासाला एक. कार परवडेना, म्हणून साहेबांनी ऑनलाइन बाइक मागवली. चिनी बनावटीची, २२९ सीसी, १,६५० डॉलर. आपल्याकडचे साधारण एक लाख चाळीस हजार. फक्त ती सुट्या भागांत आली होती, आणि दादाने आयुष्यात अ‍ॅक्टिव्हाशिवाय काही चालवलेलं नव्हतं.

अमेरिकेत या प्रकाराला 'क्रेट बाइक' म्हणतात. विक्रेत्याचं शोरूम नाही, मेकॅनिक नाही. कंटेनरमधून उतरलेलं खोकं तो तसंच्या तसं ट्रकने तुमच्या दारात पोचवतो. पुढचं चाक, हॅण्डल, पुढचा मडगार्ड, आरसे, इंडिकेटर वेगळे. बॅटरी तुम्ही जोडायची, इंजिन ऑइल तुम्ही बदलायचं. सोबत एक मॅन्युअल, ज्यातलं इंग्रजी वाचून दादा म्हणाला, "आमच्या बारावीच्या गाइडपेक्षा वाईट आहे."

एवढी स्वस्त गाडी येते कुठून? चीनमधलं चोंगचिंग हे बाइकवाल्यांचं शहर. लिफान, झोंगशेन, लोन्सिन या तिन्ही मोठ्या कंपन्या तिथल्याच. आणि दादाच्या गाडीच्या इंजिनाची वंशावळ जाते होंडाच्या सीजी १२५ पर्यंत. ते मॉडेल १९७६ मध्ये आलं. ज्या देशांत लोक ऑइलही वेळेवर बदलत नाहीत, त्यांच्यासाठी मुद्दाम साधं बनवलेलं. वरच्या कॅमशाफ्टची साखळी नाही, त्याऐवजी पुशरॉड. म्हणजे बिघडायला कमी गोष्टी. चिनी कारखान्यांनी याच इंजिनाच्या असंख्य आवृत्त्या काढल्या. २००० च्या आसपास व्हिएतनाममध्ये चिनी बाइक एवढ्या स्वस्तात घुसल्या की होंडाला २००२ मध्ये 'वेव्ह अल्फा' हे कमी किमतीचं मॉडेल आणावं लागलं. आफ्रिकेत याच चिनी बाइकशी टक्कर कोण देतं माहितीये? आपली बजाज बॉक्सर. नायजेरिया, युगांडातले कितीतरी बाइक-टॅक्सीवाले तीच चालवतात.

असो. इतिहास छान आहे, पण खोकं उघडल्यावर इतिहास कामाला येत नाही. कामाला आले नाना पेठेतले काका.

काकांचं गॅरेज आमच्या घराच्या मागच्या गल्लीत. आरएक्स १०० च्या काळापासून ते तिथेच आहेत. नाना पेठेत स्पेअर पार्टची एवढी दुकानं, की काका दुकानातून न उठता हाक मारून पार्ट मागवतात. मी शनिवारी सकाळी नऊला फोन घेऊन गेले. तिकडे शुक्रवारची रात्र, साडेदहा. दादाच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी खोलायला मनाई, म्हणून एका मित्राच्या भाड्याच्या घराचं गॅरेज मिळवलं होतं. मी फोन धरून उभी, समोर काका, स्क्रीनवर दादा आणि सांगाडा.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, "कार्बोरेटर आहे का?" दादाने कॅमेरा फिरवला. होता. काका असे हसले की जुना मित्र भेटावा. आपल्याकडे २०२० ला बीएस ६ आल्यापासून नवीन बाइकमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. "आता सगळं सेन्सर. लॅपटॉप लावा मग कळणार. ही आपली आहे," काका म्हणाले.

पहिल्या दिवशी हॅण्डल, पुढचं चाक, मडगार्ड बसलं. वाटतं तेवढं अवघड नव्हतं, चार तास लागले. काका सांगणार "दहा-अकराचा पाना घे", दादा ड्रॉवरमध्ये शोधणार, मी म्हणणार "काका, त्याच्याकडे सॉकेट सेट आहे", काका म्हणणार "मग तोंडात काय धरून बसलाय." कोनसेट किती घट्ट हवा हे मात्र फोनवरून सांगता येईना. शेवटी काकांनी समोर उभ्या असलेल्या स्प्लेंडरचं पुढचं चाक उचलून हॅण्डल डावी-उजवीकडे सोडून दाखवलं. स्वतःच्या वजनाने पडायला हवं, पण खडखडायला नको. दादाने तेच केलं. मला वाटतं, एवढी एकच गोष्ट यूट्यूबपेक्षा काकांकडून चांगली कळली.

ऑइल बदललं. खोक्यातून येणारी बॅटरी, चेन आणि ऑइल या तीन गोष्टींवर क्रेट बाइकवाल्यांचा सहसा विश्वास नसतो. दादाने चेनही नवी घेतली. रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री, गाडी सुरू झाली. आवाज ऐकूनच काका म्हणाले, "पेट्रोल कमी, हवा जास्त." बरोबर होतं. प्रदूषणाच्या नियमांसाठी या गाड्या मुद्दाम तशा सेट करतात. मोठं जेट टाकलं की सुधारते, पण तिकडच्या कायद्यात एमिशनशी संबंधित भागाशी छेडछाड चालत नाही, म्हणून दादाने हात लावला नाही. चोक ओढून दोन मिनिटं गरम करायची, एवढंच.

गाडी सुरू झाल्यावर दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. हेल्मेट घातलं आणि म्हणाला, "काका, गल्लीत एक चक्कर मारून येतो."

"थांब. पुढचं चाक उचल, फिरव."

फिरवलं. सरळ फिरलं.

"आता ब्रेकच्या कॅलिपरला हात घाल, हलव."

कॅलिपर हलला. थोडासा नाही, चांगला हलला. त्याला धरणारे दोन बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवल्यासारखे होते. हे बोल्ट दादाने लावलेलेच नव्हते. ते कारखान्यातून लागून आलेले होते, म्हणून ते तपासायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्याही नसतं आलं. आपण लावलेला प्रत्येक नट आपण तीनदा बघतो, आणि कंपनीने लावलेला कधीच बघत नाही.

काका ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तो सुटून स्पोकमध्ये गेला असता, तर चाक जागेवर लॉक झालं असतं." स्क्रीनवर दादाने हेल्मेट काढून खाली ठेवलं.

मग तीन तास फक्त बोल्ट. एकेक काढायचा, थ्रेड लॉकर लावायचं, टॉर्क रेंचने आवळायचा, वर पांढऱ्या मार्करची रेघ मारायची. बोल्ट फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. अकरा बोल्ट सैल निघाले. सायलेन्सरचा एक, फूटरेस्टचे दोन, मागच्या स्प्रॉकेटचे चार... यादी माझ्याकडे आहे, कारण काकांनी मला लिहायला लावली.

आपण इथे शोरूममधून गाडी घेतो तेव्हा डिलिव्हरीआधी हेच काम डीलरचा मेकॅनिक करतो, ते आपल्याला दिसतही नाही. नवीन मॉडेलला साधारणपणे एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते, मग आरटीओ. त्यामुळे खोक्यातली बाइक इथे दारात येत नाही. तिकडे मात्र गाडी जी स्वस्त होते, ती हे शेवटचं काम तुमच्या गळ्यात टाकूनच. कारखान्याच्या लाइनवरचा शेवटचा कामगार तुम्हीच, आणि तो कामगार त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर आलेला असतो.

पैशांचंही तसंच. दादाने मला हिशेब पाठवला. गाडी १,६५०. टॅक्स, टायटल, रजिस्ट्रेशन मिळून सुमारे २००. हेल्मेट, हातमोजे, जॅकेट ३२०. हत्यारं १०५. चेन ४०. आणि लायसन्सचा कोर्स २७५, कारण टेक्सासमध्ये बाइकचं लायसन्स हवं तर सेफ्टी कोर्स सक्तीचा. बेरीज २,५९० डॉलर, इन्शुरन्स वेगळा. एवढ्यात तिकडे वापरलेली, पण नीट जोडलेली जपानी बाइक मिळते. त्यात गाडीचे मूळ कागद पोस्टाने यायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत नंबर नाही, म्हणजे रस्ता नाही. कॅलिफोर्नियात तर प्रदूषणाचे नियम एवढे कडक की यातली बरीच मॉडेल्स तिथे विकतच नाहीत.

कोर्सचे पैसे मात्र वसूल, असं दादा म्हणतो. मोकळ्या पार्किंगमध्ये त्यांच्याच छोट्या बाइक, क्लच अर्धा सोडून चालवण्यापासून सुरुवात. वळताना चाकाकडे नाही तर वळणाच्या शेवटाकडे बघायचं, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून कमीत कमी अंतरात थांबायचं. मी माझं लायसन्स आठचा आकडा काढून घेतलंय, मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता तो कॉलेज आणि किराण्याला जातो. हायवेवर नाही. ताशी ६० मैलांच्या वर गाडी धापा टाकते आणि शेजारून ट्रक ७५ ने जातात. पन्नास मैलांवर ऑइल पुन्हा बदललं, तेव्हा त्यात धातूची बारीक चमक होती. काका म्हणाले, नवीन इंजिन घासतंय, दुसऱ्यांदा दिसली तर सांग. दुसऱ्यांदा दिसली नाही.

मी काकांना विचारलं, तुम्ही घेतली असती का ही गाडी?

"मी घेईन की. त्याने घ्यायला नको होती."

दादाने दोन-तीनदा विचारलं, काकांना किती पाठवू? परवा फोन घेऊन गेले तेव्हा मीच विषय काढला. काका एका पल्सरचं क्लच प्लेट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला सांग, पाचशे किलोमीटर झाले की चेन ढिली होईल. तेव्हा फोन लाव. आणि नऊच्या आधी नको, मी दुकान उघडत नाही."