सहासष्ट मतं आणि एक नकार

सरकारनं खर्च जमेच्या आतच ठेवावा, हे थेट राज्यघटनेत घालून टाका, ही मागणी वॉशिंग्टनमध्ये जुनीच. 1986 साली सिनेटमध्ये ती एका मतानं पडली होती. जानेवारी 1995 मध्ये प्रतिनिधिगृहानं ती 300 विरुद्ध 132 मतांनी मंजूर केली, आणि सिनेटमधले रिपब्लिकन नेते बॉब डोल घटनादुरुस्तीला लागणारी दोन तृतीयांश, म्हणजे 67 मतं जुळवायला निघाले.

28 फेब्रुवारीला मतदान ठरलं होतं, पण बेरीज 66 च्या पुढे सरकेना. डोल यांनी सरळ मतदानच पुढे ढकललं. सभागृहाच्या नियमांत मुरलेले रॉबर्ट बर्ड त्यावर भयंकर भडकले. घासाघीस त्याआधीपासूनच सुरू होती. जॉर्जियाच्या सॅम नन यांना धास्ती होती की या कलमाच्या जोरावर उद्या न्यायालयंच देशाचा जमाखर्च ठरवू लागतील. त्यांची उपसूचना मान्य झाली, मत मिळालं.

नॉर्थ डकोटाचे केंट कॉनरॅड आणि बायरन डॉर्गन मात्र हलेनात. त्यांचा मुद्दा सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे पगारातल्या कपातीवर चालणाऱ्या पेन्शनचा. त्या फंडात तेव्हा दरवर्षी शिल्लक पडायची, आणि प्रस्तावित कलमात ती सरकारी जमेतच धरलेली होती. डॉर्गन यांनी पुढे सांगितलं, की त्यांच्याकडे हातानं लिहिलेला कागद आला: 2012 पासून ही शिल्लक वापरणं थांबवू. हे दोघे नाही म्हणाले, तर 2012 चं 2008 झालं! भाषणांत पेन्शन सुरक्षित, आणि बंद दाराआड तिला हात लावणं कधी थांबवायचं याचा वायदा. त्या पंधरवड्यातली सगळी भाषणं एकीकडे आणि हा कागद एकीकडे, असं मला वाटतं.

उरले मार्क हॅटफिल्ड. ऑरेगॉनचे, डोल यांच्याच पक्षाचे, आणि सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या समितीचे अध्यक्ष. तरुणपणी नौदलात असताना बेचिराख हिरोशिमा पाहून आलेला हा माणूस दबावाला बधणारा नव्हता. पैसे खर्च करायची धमक हवी तशी नाही म्हणायचीही हवी, ती घटनेत लिहून येत नाही, अशी त्यांची भूमिका. पक्षात ते एकटेच विरोधात. होकार देणार नाही, पण हवं तर राजीनामा देतो, असं त्यांनी डोलना सांगितलं. गणित सोपं होतं: 99 सदस्य उरले की 66 मतं पुरतात. डोल नको म्हणाले. हातात आलेला विजय त्यांनी असा सोडून दिला, याचं श्रेय त्यांना फारसं कोणी देत नाही.

2 मार्चला निकाल लागला 65 विरुद्ध 35. फेरमतदानाची मागणी करण्याचा हक्क राखण्यासाठी डोल यांनी शेवटी स्वतःचं मत विरोधात फिरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी कोलोरॅडोचे डेमोक्रॅट बेन नाइटहॉर्स कॅम्बेल रिपब्लिकन पक्षात दाखल झाले. त्यांचं मत आधीच बाजूनं पडलेलं असल्यामुळे बेरीज तिथेच राहिली. रिपब्लिकन सिनेटर रिक सँटोरम आणि कॉनी मॅक यांनी हॅटफिल्ड यांचं अध्यक्षपद काढा म्हणून धोशा लावला. पक्षाची बैठक झाली, चर्चा झाली, अध्यक्षपद शाबूत राहिलं.

1998 च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या अंदाजपत्रकात सुमारे 69 अब्ज डॉलरची शिल्लक पडली, 1969 नंतर पहिल्यांदाच, आणि तीही घटनेत अक्षर न बदलता. क्लिंटन सरकारनं मिरवून घेतलं. पण कॉनरॅड यांच्या पद्धतीनं सोशल सिक्युरिटी बाजूला काढून मांडलं, तर त्या वर्षीही जवळपास 30 अब्जांची तूटच होती.