सुटीचा बेत आणि कचेरीचे काम

वऱ्हाडात उन्हाळा पेटला, अमरावती-अकोल्याकडे पारा ४४ अंशांपुढे चढू लागला, की घरोघरी चिखलदऱ्याचे नाव निघते. गाविलगडच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले हे थंड हवेचे ठिकाण कॉफीच्या मळ्यांसाठीही प्रसिद्ध आहे. परंतु दहा-बारा माणसांचे एकत्र कुटुंब तेथे नेणे म्हणजे लहानसा कारखाना चालविणेच होय. आणि त्यात कमावलेले शहाणपण आपण कचेरीच्या उंबरठ्याबाहेर ठेवतो, हे आमच्या मते नुकसानीचे आहे.

घरात बेत कसा ठरतो पाहा. परतवाड्याहून सुमारे ३० किलोमीटर घाट चढावयाचा. आजोबांचे गुडघे आणि धाकट्याची मळमळ ध्यानात घेऊनच निघण्याची वेळ ठरते. कचेरीत मुदत ठरविणारा एक आणि ती पाळणारा दुसरा. ज्याच्या हातून काम व्हावयाचे त्यास कोणी विचारीतच नाही. भीमकुंड, पंचबोल आणि गाविलगड एका सकाळीच उरकू म्हणणाऱ्यास घरातील वडीलधारी माणसे हटकतात. कचेरीत अशा माणसास शाबासकी मिळते.

गाविलगडाचीच हकीकत घ्या. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला. त्यापूर्वी कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने कित्येक दिवस डोंगरातून वाट काढीत जड तोफा उत्तरेच्या अंगास ओढून आणल्या होत्या. १५ डिसेंबरच्या हल्ल्याचे वर्णन सगळे करतात. वाट तयार करणारे हात कोणाच्या स्मरणात नाहीत. विजय परक्यांचा असला, तरी त्यातील धडा घेण्यास हरकत नसावी.

असे वाट करणारे हात प्रत्येक घरी असतात. बिऱ्हाड डोंगरावर गेले तरी पोळ्या लाटणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, ओले कपडे वाळविणे बहुधा एकाच सुनेकडे राहते. मंडळी दरीतले धुके पाहून परततात, तेव्हा ती चहाचे आधण ठेवीत असते. तिची सुटी झाली असे म्हणता येईल काय? कचेरीतही इतरांच्या रजेतील कामे निमूटपणे उरकणारा एखादा कारकून असतोच, आणि त्याची स्वतःची रजा वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते.

यास्तव आमची एक साधी सूचना आहे. निघण्यापूर्वी सर्व कामांची यादी करून प्रत्येक कामापुढे करणाराचे नाव लिहावे. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर कामे तेथेच फिरवून द्यावीत. पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी आपला वाटा उचलावा, किंवा दोन वेळचे जेवण खाणावळीत घ्यावे. हीच यादी कचेरीतही करावी. येत्या उन्हाळ्यात आमच्या वाचकांनी हा प्रयोग अवश्य करावा, आणि यादी लिहिण्याचे काम मात्र त्या सुनेकडे देऊ नये.